नाना बोका झाले तेव्हा

माझे वडील वारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोका झाले.

याबाबत माझं मत कुणी विचारलं नाही. (मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तर मुळीच नाही!) फलटणच्या बाजूला आमचं गाव. तिथं पद्धत अशी, की माणूस जिथं गेला तिथं त्या रात्री पीठ पसरायचं, त्यात दिवा ठेवायचा, वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालायचं आणि सकाळी उचलून बघायचं. पिठावर ज्याचं पाऊल, त्याचा पुढचा जन्म. आमचं डालगं एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेलं होतं आणि दिवा तुपाचा होता. एवढं विज्ञान पुरेसं आहे असं मला वाटलं होतं.

सकाळी आत्यानं डालगं उचललं. आत्या म्हणजे नानांची थोरली बहीण. गावातल्या मेलेल्या सगळ्यांचे निकाल तीच लावते. पिठावर चार बोटं आणि मागं गादी, अगदी स्वच्छ.

"मांजार!" आत्या म्हणाली.

"आत्या, शेजारच्या अण्णांचा बोका शिरला असेल तूप चाटायला."

"मी तरी दुसरं काय म्हंतीया? त्योच बोका! नानाचा जीव कशात अडाकला व्हता, तूच सांग बरं!"

इथं मात्र मला खरं ते सांगावं लागलं. नाना फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आले आणि उरलेलं आयुष्य अण्णांच्या बोक्याशी लढले. बोका नानांच्या कोंबडीची पिल्लं पळवायचा, नाना काठी घेऊन त्याच्या मागं पत्र्यावर चढायचे. शेवटच्या दुपारी नानांचा आवाज पार खोल गेला होता. त्यांनी हातानं मला जवळ बोलावलं. मरताना बाप लेकीला काहीतरी सांगतोच, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. नाना म्हणाले, "बोका आला का, बघ." मी बघून आत आले, तोवर ते गेले होते.

आत्यानं हे ऐकलं आणि मांडीवर हात मारला. "अंती मती तशी गती! लागला निकाल!"

मी अजून वाद घातला असता, पण आईकडं लक्ष गेलं. नाना गेल्यापासून आई रडली नव्हती आणि तिनं काही खाल्लंही नव्हतं. तिला साखर आहे. गोळी घेऊन उपाशी राहिली की डोळे फिरवते. घरातल्या सगळ्यांनी हातापाया पडून झालं होतं. आणि आता ती आपण होऊन उठली, शेजारणीनं आणलेली भाकरी नानांच्या ताटात कुस्करली, त्यावर दूध ओतलं आणि परसात जाऊन बसली. पत्र्यावर बोका होता.

डोक्यावरचा पदर सारखा करून आई म्हणाली, "आवं, जेवून घ्या."

बोका उतरला आणि त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. मग आई आत आली आणि अर्धी भाकरी जेवली! लग्न झाल्यापासून नाना जेवल्याशिवाय आईनं घास तोंडात घातला नव्हता. आता फक्त नानांना शेपूट आलं होतं. मी वाद गुंडाळून ठेवला. आई जेवते ना, मग बाप बोका असला तर असू दे.

पण बोका म्हणजे काही हवालदार नव्हे, वेळेवर ताटावर यायला! रोज दुपारी त्याला शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी वाटी वाजवत आळीतून फिरायची. पहिल्या दिवशी अण्णांना विचारलं, "अण्णा, बोका आहे का?" तिसऱ्या दिवशी तोंडून निघून गेलं, "अण्णा, नाना आहेत का?"

"आत्ताच उंदीर घिऊन माळ्यावर गेलं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "काय सांगू मंगल तुला, दुधात तोंड घातलं तरी हाकलायची सोय ऱ्हायली न्हाई. हवालदाराच्या अंगावर खेटार कसं फेकू?"

एकदा दादानं, म्हणजे माझ्या भावानं, त्याला धरून आणायचा प्रयत्न केला. बोक्यानं त्याच्या ताज्या गोट्यावर चार ओरखडे काढले. दादा बोंबलत घरात आला, तर आत्या म्हणते, "बापानं मारलं तर वराडू ने. कायतरी चुकलं आसंल तुझं!"

तेरावं झालं, पाहुणे गेले, दादाही नोकरीवर गेला. मी रजा वाढवली, कारण मी गेल्यावर नानांना कोण पकडणार? आणि नेमका तेव्हाच बोका गायब झाला. त्या दिवशी आईनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली. मी तिच्या तोंडात साखर कोंबायला गेले, तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. "आदी त्यास्नी बघ," म्हणाली. मला तेव्हा खरी भीती वाटली. महिन्याभरात दोघंही जाणार, आणि दुसऱ्या मरणाचं कारण डॉक्टरला काय सांगू?

बोका सापडला अण्णांच्या कडब्याच्या गंजीवर. सोबत एक पांढरी भाटी मांजर होती, आणि काय चाललं होतं ते विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पण तो धडा आम्ही वर्गात घाईनं उरकतो. मी आईला धरून परसात आणलं आणि दाखवलं. आईनं कपाळावर हात आडवा धरून नीट बघितलं.

"व्हय!" ती म्हणाली. "फौजेत आसताना बी हेच दिवं लावलं आसतील. मी हितं ढोरं राखत बसलीया!"

त्या रागात ती दीड भाकरी जेवली. मी देवाचे आभार मानले. (कुठल्या ते विचारू नका!) मग पुढचे काही दिवस आई बोक्याला वाढायची आणि तो खात असताना त्याला फैलावर घ्यायची. थोरल्या जावेनं छळलं तवा तुमी एका शब्दानं बोलला न्हाई. मंगल झाली तवा सुट्टी मिळत व्हती, तरी आला न्हाई. सगळं जुनं एकेक बाहेर येत होतं. बोका मान खाली घालून ऐकायचा. नानांनी जन्मात इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी मी वाटी वाजवत दारात उभी होते. बोका रस्त्यापलीकडून मला बघून निघाला, एकदम सरळ, आणि कारखान्याकडं चाललेल्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली त्याच्यावरून गेली.

आई आवाजानं बाहेर आली. मी वाटी धरून तशीच उभी. आता ही इथंच पडणार म्हणून मी तिचा दंड पकडला, तर तिनं माझा हात सोडवला. रस्त्यात गेली, वाकली, पदराचा कोपरा बोक्याच्या डोळ्यांवरून फिरवला आणि परत आली.

"आई, बस जरा."

"कशाला? एकाच नवऱ्याची दोनदा रांडव कोण हुतंय व्हय? सुटलं ते," आई म्हणाली. "मी घेतीया वाढून. आता कुणाची वाट बघायची न्हाई."

आणि खरंच, आतून ताटाचा आवाज आला.

माझंच मग काय बिनसलं कोण जाणे. स्मशानात मी रडले नव्हते, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. आता रस्त्याच्या कडेला फतकल मारली आणि नाक गळेपर्यंत हंबरडा फोडला. ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हर बिचारा पळत आला.

"ताई, आडवं आलं ओ एकदम! मांजार तुमचं व्हतं का?"

मी मान हलवली. "नाही हो. माझे वडील होते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो गुडघ्यावर बसला आणि घाईघाईनं ट्रॉलीच्या खाली वाकून बघायला लागला.