गाडीचा शेवटचा थांबा

आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं असलं काही मानत नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं, असं बाबा सांगतात. माझा मोठा भाऊ मिलिंद ट्रक चालवायचा, पण त्याच्या गाडीला कधी लिंबू-मिरची लागली नाही. धाब्यावर बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, तर म्हणायचा, "आधी ब्रेक लागतेत का बघा, लिंबाचं मागनं बघू." मीही त्याच्यासारखीच... निदान या उन्हाळ्यापर्यंत होते.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडे, जळकोटजवळ, हायवेपासून थोडं आत. घरातली पहिली पदवीधर मी — बी.एस्सी. कॉम्प्युटर. बाबा मजुरी करतात. माझं शिक्षण दादाने केलं, लॅपटॉपही त्यानेच आणला. हे लिहितेय ते त्याच लॅपटॉपवर.

यंदाच्या उन्हाळ्यात हैदराबादहून सोलापूरला येताना दादाची गाडी नळदुर्गच्या पुढे हायवेच्या कडेला उभी सापडली. चावी लावलेली, मोबाईल सीटवर, दादा नाही. आसपासच्या विहिरी बघितल्या, दवाखाने बघितले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. गाडीमालक म्हणाले, "गेला असंल कुठंतरी रागानं. येतोय बघा." गाडी त्यांनी सोलापूरला नेऊन आपल्या आवारात कुलपात ठेवली.

बाबांचं एकच म्हणणं होतं. "त्या दिवशी गाडी कुठं कुठं थांबली तेवढं कळू दे. तिथं जाऊन माणसांना विचारू."

गाडीत जीपीएसचा डबा असतो. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे तो सतत पाठवत राहतो. मी मालकांच्या मागे लागले आणि सोमवारी त्यांच्या ऑफिसातून त्या दिवसाची माहिती ईमेलवर आली. JSON फाईल होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — यात माहिती डब्यात डबा, त्यात आणखी डबा अशी ठेवलेली असते. हवं ते काढायला क्वेरी, म्हणजे फाईलला विचारायचा नेमका प्रश्न, लिहावी लागते आणि एक कंस चुकला तरी हाती काही लागत नाही.

मी लिहिलं: वेग शून्य असेल ती ठिकाणं दे. आधी नुसत्या एरर आल्या. कंस बदलले, तर उत्तरात रिकामा कंस. एवढ्या मोठ्या फाईलमध्ये एकही थांबा नाही, म्हणजे गाडी कुठे थांबलीच नाही? बाबा शेजारी बसून दर थोड्या वेळाने विचारायचे, "आलं का गं?" कॉलेजात हेच मला सगळ्यात चांगलं जमायचं. आता एकेका कंसावर बोट ठेवून तपासत होते.

बुधवारी दुपारी आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेली. "मिलिंदची गाडी वाजली. ब्रेकची हवा सुटली बघ."

"आई, हायवेवरच्या गाड्या आहेत त्या."

"हायवेची न्हाय. दारात वाजली."

आमच्या बोळात बैलगाडीसुद्धा वळत नाही. दादा गाडी फाट्यावर लावून चालत यायचा. तरी मी उठून बघितलं. कोणी नव्हतं.

गुरुवारी चूक सापडली. फाईलमध्ये वेग आकड्यात नव्हता, अवतरणचिन्हांत अक्षरांसारखा ठेवलेला होता, आणि मी आकडा शोधत होते. शून्याला अवतरणचिन्हं दिली आणि थांबे धडाधड आले. मी बाबांना वाचून दाखवू लागले. हुमनाबाद. उमरग्याच्या अलीकडे एक धाबा. आमच्या फाट्यावरून तो न थांबताच गेला होता. मग नळदुर्गच्या पुढची ती जागा.

त्याखाली आणखी एक थांबा होता. नकाशावर टाकला तर आमचं घर. फाटा नाही — घर. तारीख कालची, बुधवारची, वेळ दुपारची.

सोमवारी आलेल्या फाईलमध्ये बुधवार कसा येईल? मालकांना फोन केला. गाडी जागची हललेली नव्हती, बॅटरीसुद्धा काढून ठेवलेली. मग फाईल तशीच उघडून त्यात ती तारीख शोधली. नाही. क्वेरी चालवली की मात्र येते. पुण्यातल्या मैत्रिणीला फाईल आणि क्वेरी दोन्ही पाठवल्या. तिच्याकडे नळदुर्गनंतर काहीच येत नाही. "सुजाता, तू आधी झोप काढ," म्हणाली ती.

बाबा स्क्रीनजवळ सरकले. "यंत्राची चूक हाय. आपल्यात असलं काय नसतं," म्हणाले. मग हळूच विचारलं, "किती वेळ थांबली होती?"

"एकच नोंद आहे, बाबा. नाही कळत."

बाकीच्या थांब्यांवर आम्ही जाऊन आलो. उमरग्याजवळचा धाबेवाला म्हणाला, "आलता की. च्या घेतला, टायर ठोकून बघितले, गेला." यापलीकडे कुणालाच काही माहीत नाही.

तुमच्यात कॉम्प्युटरची जाणकार माणसं असतील. माझी क्वेरी कुठे चुकते ते मला सांगा, मी मनापासून ऐकेन. मला अजून याचा अर्थ लागलेला नाही. दादा जिवंत असेल तर गाडीशिवाय गाडीचा थांबा कसा येईल, आणि नसेल तर... ते मला लिहवत नाही.

आईला मात्र अर्थ लागलाय. रोज भाकरी थापताना म्हणते, "हितनं पुढं कुठं गेली गाडी ते काढ की गं. तुला येतंय ते." मी क्वेरीत पुढच्या दिवसाची तारीख घालते आणि ती चालवते. रिकामा कंस येतो. आईला म्हणते, "उद्या बघते."