बेचाळीस नंबरचा देखणा जोड

अणुवीज केंद्रात वेल्डरला नावाने कोण विचारतो? प्रत्येकाला एक नंबर आणि त्या नंबराचा पोलादी ठसा. जोड झाला की शेजारी पाइपवर ठोकायचा. आपल्या गृहस्थाचा नंबर सतरा. तीस वर्षं लोक त्याला सतरा नंबरच म्हणत, आणि जगात दुसरा नंबरच नाही असं त्याला वाटे.

बाकीच्यांचं काम त्याच्या लेखी कुत्र्याचे पाय मांजराला. तपासनीस म्हणजे कागदी घोडे नाचवणारे, इंजिनिअर म्हणजे पुस्तकी किडे. आणि सगळ्यांत वरचा नमुना घरचाच, जावई, नंबर बेचाळीस. मुलीने स्वतः पसंत केलेला, सासऱ्याच्याच हाताखाली शिकलेला. जावईबापू वेल्डिंग करत नाहीत, शेण थापतात, हे तो जेवताना मुलीदेखत सांगायचा. जावई ताटातलं मुकाट्याने संपवायचा.

शिकवलं मात्र त्यानेच, हे खरं. जनरेटरच्या डिझेलचा बारीक पाइप सॉकेटमध्ये, म्हणजे जोडाच्या खोबणीत, तळापर्यंत घालायचा, नखभर मागे ओढायचा आणि मगच जोडायचा. ती फट नसेल तर तापलेल्या पाइपला पसरायला जागा राहत नाही, आणि जनरेटर थरथरला की जोड तडकतो. बाहेरची वीज गेली की अणुभट्टी थंड ठेवणारे पंप याच जनरेटरवर चालतात. तिथे तडकलेला जोड म्हणजे पोरखेळ नव्हे. फट विसरणाऱ्यांचे त्याने चारचौघांत कान उपटले होते.

मग त्याच्या परवान्याची मुदत संपली. नव्याने परीक्षा द्यायची होती. माझी परीक्षा घेणारा अजून जन्माला यायचाय, म्हणत हा गेलाच नाही. ठसा स्टोअरमध्ये जमा झाला. तेवढ्यात जनरेटरच्या पाइपांची दुरुस्ती निघाली, तेव्हा याने जावयापुढे हात पसरला आणि त्या बावळटाने आपला ठसा दिलाही. सासऱ्याला नाही म्हणायला छाती लागते. जोड एकच होता. जेवणाची सुट्टी झालेली, पाइप तळाला टेकलेला, आत कोण बघतंय? त्याने तसाच जोडला, बेचाळीसचा ठसा ठोकला आणि हात धुवायला गेला.

महिन्याच्या चाचणीला जनरेटर सुरू झाला आणि त्याच जोडातून डिझेलची पिचकारी उडाली. जोड कापला. आत फट नव्हती. ठसा बेचाळीस.

मुख्य तपासनीस बाईंनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. जावयाचा परवाना रद्द, नोकरी जाणार, आणि पुन्हा कुठल्याच केंद्रात दार उघडणार नाही. जावयाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आणि सासरा? मूग गिळून बसला. जन्मभर दुसऱ्यांचं वाकून पाहिलं, आपलं झाकायची पाळी आली तेव्हा रुमालाच्या घड्या घालत बसला. लाज कशी वाटत नाही माणसाला! दोन वर्षांत आपण निवृत्त होऊ, मुलगी काही उपाशी मरत नाही, असं तो मनाशी म्हणत होता.

बाईंनी हुकमावर सही करायला पेन उघडलं. कापलेला तुकडा उजेडात फिरवला.

"वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "वरून इतका देखणा जोड मी इथे पाहिला नव्हता. सासऱ्यापेक्षा सरस हात होता याचा."

घड्या थांबल्या.

"याचा?" सतरा नंबर उठला. "याच्या सात पिढ्यांना असा जोड जमणार नाही. तो माझा आहे."

लेकीच्या संसारासाठी जे तोंड उघडलं नाही, ते एका कौतुकासाठी उघडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्याचा मुदत संपलेला परवाना आता कायमचा गेला. ठसा उसना दिला म्हणून जावयाला महिनाभर घरी बसवायचं ठरलं. पण बेचाळीसच्या ठशावर आता बाईंचा भरवसा राहिला नव्हता. त्यांनी जनरेटरच्या पाइपांवरचे त्याचे उरलेले नऊही जोड कापायला लावले. वरून खडबडीत, गाठीगाठींचे. सतरा नंबरने नाक मुरडलं. करवत फिरली. नऊच्या नऊ जोडांत नखभर फट होती, एकसारखी.

बाईंनी जावयाला विचारलं, हे कुणी शिकवलं?

"बाबांनी," जावई म्हणाला.

सतरा नंबरने रुमाल काढला आणि पुन्हा घड्या घालायला घेतल्या.