अकराव्या उमेदवाराच्या आठ ओळी

मतदानाच्या आधीचा शनिवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, माझा नवरा, ताई. गैरहजर: आमची मुलगी, हॉकीच्या मॅचला गेलेली. जागा: नेदरलँड्समधल्या कापेल गावातलं आमचं स्वयंपाकघर.

ताईंनी चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो कोटाच्या खिशात ठेवला.

त्यांना ओळखणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. समोरचा पाठ केलेलं बोलायला लागला की ताई चष्मा काढायच्या. "पाठ केलेलं ऐकायला डोळे कशाला हवेत?" असं त्यांचं म्हणणं. संसदेच्या उमेदवारांसमोर त्यांनी चष्मा काढलेला मी पाहिला होता, प्रांताच्या उमेदवारांसमोरही. त्या सकाळी बोलत होते मी.

काय बोलत होते ते सांगते, पण आधी ताई कोण ते सांगायला हवं.

ताई लायडनच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग सुरू केला. मराठीत, इथल्या निवडणुकांवर. पालिका, प्रांत, संसद, काहीही असो, उमेदवार त्यांच्या तावडीत सापडला की त्याच्यावर आठ ओळी येणार. मोठ्या नेत्याला आठ आणि यादीत शेवटून तिसऱ्यालाही आठ. वाचक फार नव्हते, पण होते ते पक्के होते. आपल्याकडची माणसं इथे पाच वर्षं राहिली की पालिकेला मत देऊ शकतात, भारतीय पासपोर्टवरसुद्धा. पण मत द्यायचं कुणाला, हे त्यांना ताईंकडून कळे. मी त्यांच्यासाठी उमेदवारांच्या याद्या करायची आणि शुद्धलेखन तपासायची. एका शिपिंग कंपनीत प्लॅनिंग बघते, त्यामुळे याद्या हा माझा स्वभावच आहे.

त्यांची पद्धत साधी होती. शनिवारी बाजारात पक्षांचे लोक पत्रकं वाटत उभे असतात. ताई तिथे जाऊन एखाद्या उमेदवाराला म्हणायच्या, "चला, माझ्याबरोबर डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत चालत या." दवाखाना दहा मिनिटांवर. जाऊन-येऊन वीस. प्रश्न एकही नाही. उमेदवार बोलत राही आणि थांबला की ताई म्हणत, "हो का? पुढे?"

संसदेचा एक उमेदवार खास रेल्वेने आला होता. ताईंनी बटाट्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने ती आनंदाने घेतली, वाटेत फोटोवाला भेटला तेव्हा खाली ठेवली आणि तशीच विसरून पुढे गेला. ताईंच्या आठ ओळींतली एक ओळ होती: "वृद्धांच्या प्रश्नांवर यांचा अभ्यास चांगला आहे. माझे बटाटे अजून पुलावर आहेत."

पालिकेची एक उमेदवार वाऱ्याने पडलेल्या सायकली उचलत चालली. तिसऱ्या सायकलीला विरोधी पक्षाची पाटी होती. तिने तीही उचलली. "हिला मत द्या असं मी म्हणत नाही," ताईंनी लिहिलं. "मी पाहिलं ते सांगितलं." ती बाई निवडून आली आणि पुढे दोन वर्षांनी ताईंनी तिलाच खडसावलं, बसचा मार्ग बंद केला म्हणून. त्याही आठच ओळी.

तुम्हीही कुठेतरी असा माणूस पाहिला असेल, ज्याचं कौतुक करताना आपण जरा अंतर ठेवून उभे राहतो.

तर चार वर्षांपूर्वी माझा नवरा पालिकेला उभा राहिला. यादीत अकरावा. इथे पक्षाला मतं मिळतात त्या प्रमाणात जागा मिळतात आणि त्या वरून खाली भरल्या जातात, पण एखाद्याच्या नावापुढे पुरेशी पसंतीची मतं पडली तर तो खालूनही वर जातो. आमची सगळी आशा त्या पसंतीच्या मतांवर. आमच्या भागात मराठी घरं बरीच. ताईंनी त्यालाही दवाखान्यापर्यंत चालवलं. तो परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"काहीच नाही. तेच तर. वीस मिनिटं मीच बोललो. घरांच्या भाड्यावर बोललो, मग क्रिकेटच्या मैदानावर, मग तुझ्या आईच्या गुडघ्यावर."

ताईंचा कच्चा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. "माहीत नसलं की माहीत नाही म्हणतो. हा गुण दुर्मीळ आहे. घरी जाऊन बायकोला विचारेल, तेही बरंच आहे." मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि दोन दिवस हवेत होते.

त्याच हवेत मी तो मेसेज पाठवला.

इथे मतदानाआधी प्रत्येकाच्या घरी एक पत्र येतं, त्याला स्टेमपास म्हणतात. ते दाखवल्याशिवाय मत देता येत नाही. आपण गावी नसलो तर मागच्या बाजूला सही करून ते दुसऱ्याला देता येतं, म्हणजे तो आपल्या वतीने मत टाकतो. मार्चमध्ये आमच्यातली बरीच माणसं भारतात जाणार होती, कुणाकडे लग्न, कुणाचं ऑफिसचं काम. त्यांतल्या सहा घरांना मी व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला वेगळं लिहिलं, आमच्या ग्रुपवर नाही: "प्रवासात असणाऱ्यांनी स्टेमपास सही करून आमच्याकडे आणून द्यावा, सोबत ओळखपत्राची प्रत. मत योग्य जागी पडेल." पुढे एक हसरा चेहरा. सहाही घरांनी एकेक पत्र दिलं. एका माणसाला दुसऱ्यांची दोनच पत्रं नेता येतात हे मी वाचलं होतं, म्हणून तीन माणसं ठरवली, प्रत्येकाला दोन. नाव, पत्ता, कोण कुठल्या केंद्रावर किती वाजता. यादी फ्रिजवर लावली. इतकी नीटनेटकी यादी मी ऑफिसातही केली नव्हती.

शनिवारी ताई आल्या त्या कोट न काढता फ्रिजसमोर उभ्या राहिल्या.

"ही पत्रं त्यांनी आणून दिली की तू मागितलीस?"

"मागितली म्हणजे काय, ताई, लोकांची सोय. नाहीतर मतं वायाच गेली असती. मतदान वाढावं असं तुम्हीच तर लिहिता, आणि नियमाप्रमाणे एकाकडे दोनच..."

तेव्हा तो चष्मा खिशात गेला.

"दोनाचा नियम वाचलास," त्या म्हणाल्या. "त्याच्या खालचा नाही वाचलास. मतदाराने आपणहून पत्र द्यायचं असतं. माणसं गाठून पत्रं गोळा करणं हा गुन्हा आहे. दंड होतो, तुरुंगही होऊ शकतो. आणि तू उमेदवाराची बायको."

नवरा टोस्टला लोणी लावत होता. त्याची सुरी थांबली. मी फोन काढला, पालिकेचं पान उघडलं, वाचलं. पुन्हा वाचलं. डच मला बरं येतं. त्या दिवशी ते थोडं कमी येत असतं तर बरं झालं असतं.

"आता?" मी विचारलं.

"आता फोन कर. एकेकाला. पत्र परत, आणि सांगायचं की मी मागायला नको होतं. पुढे कुणाला द्यायचं ते त्यांचं ते ठरवतील."

"आणि तुम्ही?"

"मी लिहिणार."

"ताई, बुधवारी मतदान आहे. गुरुवारी लिहा ना."

"मतदान झाल्यावर उमेदवाराबद्दल लिहायचं? ते कुणासाठी?"

मग मी बोलायला नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला काय, तुमचं घर नाही उभं राहिलेलं. म्हटलं, पक्षातले लोक काय म्हणतील, भारतीय उमेदवार घेतला की हे असंच होतं. म्हटलं, आपल्याच माणसाला असं उघडं पाडताना तुम्हाला काही वाटत नाही?

"वाटतं," ताई म्हणाल्या. "म्हणून मीच लिहायचं. उद्या हे दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर तो 'हे लोक' म्हणून लिहील. मी एका बाईची एक चूक म्हणून लिहीन."

नवऱ्याने हात पुसले. "लिहू दे त्यांना," तो मला म्हणाला आणि वर गेला. जिन्यातून त्याचा आवाज ऐकू येत होता. पक्षाच्या यादीत पहिल्या असलेल्या बाईंना तो फोनवर डचमध्ये सगळं सांगत होता, शब्द अडखळत, पण काहीही न गाळता. ताई मान वर करून ऐकत होत्या. मी सिंकमधली स्वच्छ भांडी पुन्हा धुतली.

दुपारपर्यंत पाच फोन झाले. त्या पाच घरांना मी सायकलवरून पत्रं परत नेऊन दिली. कुणी म्हणालं, "अहो वहिनी, एवढं काय त्यात, आपल्यातच तर आहे." कुणी दार लगेच लावून घेतलं. एका आजींनी पत्र घेतलं आणि मला चहाला बसवलं. तो चहा सगळ्यात अवघड गेला.

सहावा माणूस शुक्रवारीच विमानात बसला होता. तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसात असलेला तरुण, नागपूरचा. त्याची पाच वर्षं नुकतीच झाली होती आणि इथलं हे त्याचं पहिलंच मत. पत्र द्यायला आला तेव्हा त्याने सही करतानाचा फोटोही काढून घेतला होता. त्या दिवशी त्याचा फोन लागला नाही, आणि तो ना आमच्या ग्रुपवर होता, ना ताईंचा ब्लॉग वाचत असे.

"ह्याचं काय करायचं?" मी ताईंना विचारलं. "त्याने कसंही दिलंच असतं हो."

"दिलं असतं. पण तू मागितलंस. ते वापरायचं नाही. आणि त्याला सांगायचं. ते काम तुझं."

रविवारी संध्याकाळी आठ ओळी आल्या. यावेळी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आल्या नव्हत्या.

"क्रमांक अकरा. माहीत नसलं की माहीत नाही म्हणतो. याच्या घरून सहा कुटुंबांकडे मतदानाची पत्रं मागितली गेली. असं मागणं गुन्हा आहे. मागणाऱ्या व्यक्तीला ते माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं तिचं काम होतं. पाच पत्रं परत गेली, सहावं वापरलं जाणार नाही. पक्षाला उमेदवाराने स्वतः फोन करून सांगितलं, मी ऐकलं. हे कुटुंब मला जवळचं आहे, वाचताना तेही लक्षात घ्या."

ग्रुपवर गदारोळ झाला. "आपल्याच माणसाचे पाय ओढायचे ही आपली खोडच आहे." "या वयात प्रसिद्धी हवी." "कोण हो ही मागणारी व्यक्ती? नाव का नाही लिहीत?" ताईंनी नाव लिहिलं नाही. ग्रुपवर त्या पाच घरांना नाव माहीत होतं, तीही गप्प राहिली. मला एका ओळीत लिहिता आलं असतं की ती मी. मी टाइप केलं, खोडलं. ताईंना त्या आठवड्यात काय काय ऐकावं लागलं ते मी बसून फोनवर वाचलं.

नवरा निवडून आला नाही. बऱ्याच मतांनी राहिला. त्या सहा पत्रांनी काही फरक पडला नसता, हे गणित मी तीनदा केलं. आमच्यावर कारवाई झाली नाही. पालिकेतून एक पत्र आलं, विचारणा करणारं. आम्ही खरं ते उत्तर दिलं आणि तिथे विषय संपला.

मी ताईंशी बोलणं बंद केलं. एप्रिल गेला. मेमध्ये एका सकाळी बेल वाजली, दारात ताई. "चल, दवाखान्यापर्यंत."

मी चालले. दहा मिनिटं मीच बोलले, राग, अपमान, सगळं. त्या "हो का?" म्हणत राहिल्या. पुलावर मात्र "पुढे?" म्हणायच्या ऐवजी त्यांनी माझ्या कोपराला धरलं, कारण चढ होता आणि त्यांना दम लागत होता. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या फार बारीक झाल्या आहेत.

"त्या नागपूरच्या मुलाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगते."

पुढच्या तीन वर्षांत आम्ही पुष्कळ चाललो. प्रांताची निवडणूक झाली, संसदेची झाली, याद्या मी केल्या, आठ ओळी त्यांनी लिहिल्या. तो प्रश्न त्यांनी आणखी दोनदा विचारला. मग विचारायचा थांबवला. थांबवला तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच आता लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. स्मशानभूमीत डच माणसं आमच्यापेक्षा जास्त होती. सायकली उचलणारी ती बाई शेवटपर्यंत मागे उभी होती.

आता पुन्हा पालिकेची निवडणूक आली आहे. काल, शनिवारी, नवरा आणि मी बाजारात गेलो, तिथे पत्रकांचं वाटप चालू होतं. एक तरुण उमेदवार छान बोलत होता, लोक पत्रक घेऊन पुढे जात होते, त्याला कुणी कुठवरही चालवत नेलं नाही.

तिथेच नागपूरचा तो भेटला. आता लग्न झालंय, कडेवर मुलगी. माझ्या नवऱ्याला पाहून हसला. "यंदा तुम्ही नाही उभे? गेल्या वेळी माझं पहिलं मत तुम्हालाच होतं बरं का. ही बघा, हिलापण सांगून ठेवलंय, बाबाने इथे आल्यावर पहिलं मत कुणाला दिलं ते." नवरा माझ्याकडे पाहू लागला. मुलीने टोपी खाली टाकली, ती उचलण्यात वेळ गेला, आणि तो मेट्रोकडे वळला.

त्याचं पत्र माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. आज रविवार. या आठवड्याची यादी केली आहे: मुलीच्या सायकलचा ब्रेक, दाताच्या डॉक्टरची वेळ, आईला औषधं, आणि चौथ्या ओळीवर त्याचं नाव आणि फोन नंबर. पहिली तीन कामं दुपारपर्यंत झाली.