धक्क्यापुरती जागा

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेल्या मेकॅनिकने निवृत्त झाल्यावर एक जुनं पिनबॉल मशीन, काचेखाली चेंडू टोलवत राहायच्या खेळाचं, घरी आणलं. जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं. बायकोने एकच अट घातली. "रविवारी मी खेळून बघणार. मजा नाही आली, तर हे धूड भंगारात."

त्याने जीव ओतला. झिजलेली रबरं बदलली, गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या. आत कडीमध्ये एक निमुळता ओळंबा लोंबत होता. कुणी मशीन जोरात हलवलं की तो कडीला टेकायचा आणि खेळ बंद पडायचा. लिफ्टमध्ये ढिलाई चालत नाही. सवयीने त्याने ओळंबा कडीच्या अगदी जवळ आणून घट्ट केला.

रविवारी बायको बाह्या सरसावून उभी राहिली. दिवे लागले, घंटी वाजली. चेंडू मधल्या फटीकडे घरंगळला; तिथे पडला की डाव संपला, म्हणून तिने मशीनला कमरेने हलकासा धक्का दिला. सगळं ठप्प.

"अगं, हलवायचं नसतं!"

"मग काय, लांबून नमस्कार करू?"

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिने हात झटकले. "भंगारवाल्याला बोलवा."

खाली वाकून त्याने झाकण उघडलं, ओळंबा सरकवला आणि कडीत त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा सोडली. असं सैल काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

"आता मार धक्का."

तिने मारला. चेंडू फटीच्या तोंडातून परत फिरला. घंटी वाजतच राहिली.

"टेबल राहू दे गॅलरीत," ती चेंडूवरची नजर न काढता म्हणाली. "आणि तुम्ही जरा बाजूला सरका."