डोकं काढलेली लवंग

आमच्या त्या जुन्या, लहानशा नाट्यगृहाची ख्याती अशी, की रंगमंचावर कुजबुजलेलं वाक्य शेवटच्या रांगेतल्या माणसाला माइकशिवाय ऐकू येतं. हे कौतुक सांगताना लोक एक विसरतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाचा खोकलाही नटाला माइकशिवाय ऐकू येतो. लवंगकाकू मात्र हे कधी विसरल्या नाहीत.

चौथ्या रांगेतली बरोबर मधली खुर्ची त्यांची. रविवारी दुपारचा प्रयोग असला की काकू तिथे असायच्याच. मांडीवर पितळेची डबी, डबीत लवंगा. दिवे गेले, पंखे बंद झाले आणि कुणी खोकलं, की त्या मान न वळवता एक लवंग शेजारच्याच्या तळहातावर ठेवायच्या. तिथून ती हातोहात खोकणाऱ्यापर्यंत जायची. मधलीच खुर्ची का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्हीकडे पुरवठा सारखा पडतो."

मला हा रिवाज कुणी सांगितलाच नव्हता. नुकताच पुण्यात आलो होतो, धायरीला खोली घेतली होती आणि ऑफिसातल्या कुणाला तरी यायला जमलं नाही म्हणून त्याच्या तिकिटावर नाटकाला आलो होतो. पहिला अंक रंगात आला असताना अंधारातून एक हात आला आणि माझ्या हातात लवंग ठेवून गेला. मी गहिवरलो. पुण्याच्या पाहुणचाराबद्दल लोक काहीबाही बोलतात, हे किती अन्यायाचं आहे, असा विचार करत मी ती कडाकड चावली. जरा वेळाने दुसरी आली. तीही खाल्ली. रांगेच्या टोकाचे गृहस्थ मात्र अंक संपेपर्यंत खोकत होते.

मध्यंतरात काकू समोर उभ्या.

"अहो, आपण खोकलात का?"

"नाही."

"मग माझ्या दोन लवंगा कुठे गेल्या?"

"मला वाटलं, माझ्यासाठीच…"

"पोस्टमनने पत्र पोचवायचं असतं, खायचं नसतं. कुठले आपण?"

"धायरीचा."

"अस्सं," काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी मला सिंहगड रस्त्याने परत पाठवलं. त्या दिवसापासून मी 'धायरीकर' झालो. माझं खरं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. "तीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं मी," त्या सांगायच्या, "मध्ये खरखर आली की जिवाला लागतं माझ्या." लवंगेचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. गोळी चालत नाही, कारण तिच्या कागदाची चुरचुर खोकल्याहून वाईट. खडीसाखर लोक चावतात. (इथे माझ्याकडे बघायचं.) लवंग मुकाट्याने काम करते, पण ती डोकं काढूनच द्यायची. ते डोकं भुगा होऊन घशात उतरलं, की एका खोकल्याचे दोन होतात. दर रविवारी सकाळी चष्मा लावून काकू एकेका लवंगेचं डोकं काढत बसायच्या.

त्यांच्या कानाची मात्र मला खरोखर भीती वाटायची. खोकला ऐकून त्या निदान करायच्या. हा धुळीचा, हा सिगारेटचा, हा मोबाइल वाजला तो झाकायला काढलेला. आणि एक प्रकार असा, की त्याला त्या लवंगच द्यायच्या नाहीत. "हा कंटाळ्याचा आहे. याला मी काय करणार? यात दोष नाटकाचा."

एकदा एका नव्या नाटकाचा तरुण नट प्रयोगानंतर बाहेर उभा होता. नाटक त्यानेच बसवलेलं. लोक छान छान म्हणून पुढे जात होते. काकू थांबल्या. "तुमच्या दुसऱ्या अंकात अकरा जण खोकले. एकाच्याही घशाला काही झालेलं नव्हतं. बापाच्या रिकाम्या खुर्चीसमोर तुम्ही गप्प बसता ना, तेवढं सोन्यासारखं आहे. त्याच्या आधीचं काढा."

मला वाटलं, आता पोरगा भडकणार. त्याने खिशातून कागद काढला आणि "कुठपासून खोकले, सांगता?" असं विचारलं. काकूंनी वाक्य न् वाक्य सांगितलं. पुढच्या प्रयोगाला तो अंक चांगला वीस मिनिटांनी लहान झाला होता. बाहेर तो वाटच बघत होता. "आज किती, काकू?"

"दोन गेल्या. त्यातली एक धायरीकरांनी खाल्ली."

मग काकू आजारी पडल्या. न्यूमोनिया झाला. तो गेला, पण खोकला राहिला. तो राहणारच, असं डॉक्टर म्हणाले. दोन महिने मधली खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा मी सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेलो.

"मी आता यायची नाही," त्या म्हणाल्या, आणि एवढं म्हणायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "जन्मभर दुसऱ्यांना लवंगा दिल्या. आता तिथे बसून मीच खोकू? कुठल्या तोंडाने?"

"मोबाइलवर तरी बघा नाटकं."

"मुलीने दाखवलं. काचेतले मासे बघितल्यासारखं वाटतं हो. कुणी खोकतच नाही."

डबी कपाटावर पडली होती, रिकामी. मला ते बघवेना. मग मला जे येतं ते मी केलं. थाप मारली.

"त्या पोराने दुसरा अंक परत लांबवलाय, काकू."

"काय?" काकू ताठ बसल्या. "कापलेलं परत घातलं? कुणी सांगितलं त्याला? कधी आहे प्रयोग?"

रविवारी मी त्यांना रिक्षाने घेऊन आलो. पहिला अंक त्यांनी पदर तोंडाशी धरून काढला. दुसऱ्यात ती जागा आली. बापाची रिकामी खुर्ची, समोर तो पोरगा, आणि सगळ्या थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

काकूंना खोकला आला. आवरेना. पदर पुरेना. त्या उठायला लागल्या, आणि मला कळलं, की आत्ता उठल्या तर या परत कधीच यायच्या नाहीत. पण मधल्या खुर्चीवरून बाहेर पडायचं म्हणजे सात-आठ जणांनी गुडघे आखडून वाट द्यावी लागते. कुणीच गुडघे हलवले नाहीत. सगळ्यांचे हात मात्र हलले. डावीकडून एक लवंग आली. उजवीकडून एक आली. मागच्या रांगेतून खांद्यावरून एक आली. मीही खिशातून माझी काढून दिली. काकू यायच्या थांबल्यापासून आम्ही रविवारचे सगळेच खिशात लवंग ठेवायला लागलो होतो. काकू ओंजळीत लवंगा घेऊन खाली बसल्या.

आणि रंगमंचावरचा तो पोरगा थांबला. मान वळवली नाही, हाताचं बोटसुद्धा हलवलं नाही. नुसता रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. काकूंचा शेवटचा खोकला विरला, श्वास जागेवर आला, आणि मग त्याने पुढचं वाक्य घेतलं.

काकूंना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्या रविवारनंतर त्यांनी आणखी सहा नाटकं बघितली, सगळी मधल्या खुर्चीवरून, सगळी खोकत. पण मला आठवतात त्या त्याच दुपारच्या, पडदा पडल्यावर दिव्यात ओंजळ उघडून बसलेल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा झाला होता.

"ती जागा पाच मोजेपर्यंतची आहे. आज त्याने तीसपर्यंत ताणली."

"हो, काकू."

"आणि अंक काही लांबवलेला नाही."

"नाही, काकू."

त्यांनी ओंजळीतल्या लवंगा बोटाने बाजूला करत मोजल्या. मग एक उचलून चष्म्याजवळ धरली.

"नऊ आल्या. आठांची डोकी काढलेली आहेत," त्या म्हणाल्या. "धायरीकर, ही तुमची."