रविवार आपला

अंबडच्या आमच्या कारखान्यात युनियनचे एक पुढारी आहेत, मूळचे सायखेड्याकडचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेटवर बोलताना ते आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. मग मागची माणसं आपसूक पुढे सरकतात. ‘मी’ कधी म्हणत नाहीत, सगळं ‘आपण’.

परवा मालकांनी रविवारचा ओव्हरटाइम बंद केला. त्यावर कित्येकांच्या घराचे हप्ते चालायचे. बोलणी करून अण्णा बाहेर आले, टोपी काढून घाम पुसला आणि हळूच म्हणाले, “गड्यांनो, आजपासून रविवार आपला. पोरांनी बाप दिवसाउजेडी पाह्यला पायजे का नाय?”

मग टाळ्या.

टपरीवर ते एकटेच चहा घेत होते. मी रागानेच विचारलं, “अण्णा, आपण हरलो ना?”

“आपण नाय. मी हरलो,” ते म्हणाले. “पण एवढ्या माणसांनी घरी काय घेऊन जायचं, सांग?”

हे खरं होतं की तीही बोलायची रीतच, मला कळलं नाही.

घरी बायकोनं विचारलं, “काय ठरलं?”

“आता रविवार आपला,” मी म्हणालो. इतक्या हळू, की ऐकायला ती पुढे सरकली.