विल्माने घडवलेल्या पोटऱ्या

डेरेक लॅनिंग गच्चीवरून उडी टाकून घोड्यावर बसला, की थिएटरातल्या बायकांच्या तोंडातल्या मक्याच्या लाह्या तोंडातच राहायच्या. तलवार, टोपीतलं पीस, सगळं होतं. पण नजर जायची ती हिरव्या तंग तुमानीकडे, मांड्या आणि पोटऱ्यांकडे. मला ठाऊक आहे, कारण मीही त्यातलीच. फक्त त्या पोटऱ्या विल्मा कोश्तालने शिवल्या होत्या, आणि स्टुडिओच्या कपडेपटात माझं मशीन तिच्या शेजारी होतं.

विल्मा नेब्रास्काची, चेक शेतकऱ्यांच्या घरातली. मंदीत शेत गेलं तेव्हा हॉलिवूडला आली. उंच, हाडापेराने मोठी, लग्न न केलेली. बोलायची कमी, आणि बोलली की ते चेक हेल काढून.

लॅनिंगला पहिल्यांदा तुमान चढवली त्या दिवशी आमच्या मुख्य प्रुइटबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वर पैलवान, खाली बगळा. आता ह्याचं काय करू?"

तेव्हा असल्या नटांना तुमानीच्या आत पोटऱ्यांची भरणी बांधायचीच पद्धत होती. पण ती तलवारबाजीत फिरायची आणि पोटरी पुढे नडगीवर यायची. विल्मा म्हणाली, "मला थोडे दिवस द्या." मग ती रविवारी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर जाऊन बसू लागली. तिथे तालीमबाज पोरं चड्डीवर कसरत करायची. एकदा पोलिसाने हटकलं, "बाई, काही हरवलंय का?"

"नाही. पोटऱ्या बघतेय," ती म्हणाली. पोलीस टोपी सारखी करून पुढे निघाला.

तिने लोकरीचे पातळ पदर एकावर एक टाचून अशी भरणी केली, की पाय उचलला तर ती स्नायूसारखी वर चढायची. पडद्यावर ते पाय आले आणि देशभरातून बायकांच्या पत्रांची पोती येऊ लागली. सेन्सॉरचा माणूस प्रत्येक नव्या तुमानीची पुढची बाजू तपासायला यायचा, चष्मा पुसून पुसून. प्रुइटबाई म्हणायच्या, "ह्याच्या बायकोला सांगायला हवं."

एका दुपारी विल्मा लॅनिंगच्या पायाशी गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होती. मी कपाटाशी होते. त्याने विचारलं, "खरं सांग विल्मा, बायका बघतात ती तुझी लोकरच ना? मग त्यात मी कुठे?"

विल्माने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "लोकर मी कुणालाही बांधली असती, मिस्टर लॅनिंग. पण तुम्ही जिना उतरायच्या आधी जरा थांबता. सगळा भार एका पायावर, कसलीच घाई नसल्यासारखे. ते मला शिवता येत नाही. बायका तेच बघतात." आणि मग खाली बघून म्हणाली, "मीही बघते."

तिचे कान लाल झाले होते. लॅनिंगने तिचा हात धरला. "हे आपल्यातच राहील. आणि मी आहे तोवर इथे तुला कुणी धक्का लावणार नाही."

त्या दिवसापासून ती कामाला नीट इस्त्रीचा ब्लाउज घालून यायला लागली. आम्ही चिडवायचो, ती ऐकून घ्यायची.

पुढच्या वर्षी एका चहाटळ मासिकात छापून आलं, की एका तलवारबहाद्दराच्या पोटऱ्या रोज कपाटात टांगल्या जातात. तेवढंच असतं तर चाललं असतं. खाली एका थोराड प्रौढ कुमारिकेचं वर्णन होतं, जी त्याच्या पायाशी बसून मोडक्या इंग्रजीत म्हणते, 'मीही बघते.'

विल्माने ते वाचलं आणि अंक माझ्या हातात दिला. "नेल, तू कुठे बोललीस?"

"शपथ, नाही."

नंतर रंगभूषेच्या मुलीकडून कळलं. लॅनिंगच्या घरी पोहण्याच्या हौदाशी पार्ट्या व्हायच्या. तिथे तो गुडघ्यावर बसून, तोंडात दातकोरण्या धरून विल्माची नक्कल करायचा. लोक म्हणे पोट धरून हसायचे. एकदा नव्हे, अनेकदा.

मोठ्या साहेबांनी आम्हाला वर बोलावलं. लॅनिंग खिडकीशी बसला होता. प्रसिद्धीखात्याचा माणूस म्हणाला, "बातमी कपडेपटातून फुटली आहे. कुणी फोडली?"

विल्मा लॅनिंगकडे वळली. "तुम्ही सांगा."

त्याने सिगारेट पेटवली. "मी काय सांगणार? मी आपला कपडे चढवतो नि उतरवतो. बायका आपसात काय बोलतात ते त्यांनाच माहीत."

मी पार्टीचं बोलायला लागले, तर प्रुइटबाईंनी माझा दंड दाबला आणि साहेब म्हणाले, "तुला विचारलेलं नाही." त्याच दिवशी विल्माला काढलं.

कात्री आणि अंगुस्तान पिशवीत टाकताना ती म्हणाली, "कामं मिळतील गं. पण ते मी त्याच्यापाशी विश्वासाने बोलले होते."

पुढच्या चित्रात भरणी मी बांधली. पहिल्याच द्वंद्वात ती फिरली. मग लॅनिंगला कमरेच्या वरच टिपायला लागले, आणि दोनेक वर्षांत तसली चित्रंही थांबली.

विल्माने बर्फावरच्या नाचाच्या कंपनीत काम केलं, मग वेस्टर्न अव्हेन्यूवर लग्नाच्या झग्यांचं दुकान काढलं. कालांतराने मीही तिथेच गेले. एकदा लॅनिंग तिथे आला, पोट सुटलेला, केस काळे केलेले.

"टेलिव्हिजनवर तलवारीचंच काम आहे," तो म्हणाला. "तुझ्यासारखं कुणी बांधत नाही, विल्मा. तेव्हाचं मनात धरू नकोस. पार्टीत माणूस हसण्यावारी काहीतरी बोलून जातो."

तिने झग्याची मुरड हातातून खाली ठेवली नाही. "मी म्हटलं ते हसण्यासारखं होतं?"

तो हातातली टोपी फिरवू लागला.

"मी सात-आठ वर्षं तुमच्यासमोर गुडघ्यावर बसले," ती म्हणाली. "मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. ती तुम्ही वाटायला लावलीत. आता जा. माझ्याकडे नवऱ्या मुली यायच्या आहेत."

तो गेला. विल्माने ती मुरड पुरी केली, उसवली, आणि पुन्हा घातली.

तिने त्यानंतर कधीच पुरुषाचं माप घेतलं नाही. कुणी नवरदेवाच्या सुटाचं विचारलं, की पुढच्या चौकातल्या आर्मेनियन शिंप्याचं नाव सांगायची. "तो चांगला शिवतो," म्हणायची, आणि मुलीकडे वळून तिला हात वर करायला सांगायची.